बंब विचाराधीन आहे

डोळे मिटा. (वाचायचे असेल तर एकच मिटा.) आता अशी कल्पना करा, की मार्गशीर्ष महिना आहे. धान कापून खळ्यावर आले आहे. तलावावरून येणारा वारा थेट न्हाणीच्या फटीतून आत शिरतो आहे. तुम्ही न्हाणीतल्या दगडावर उकिडवे बसला आहात, कपडे खुंटीवर आहेत आणि दात वाजत आहेत. समोर बंब आहे. बंबात पाणी आहे. पाणी थंड आहे.

अशा वेळी माणसाला सर्वांत आधी काय हवे असते? गरम पाणी, असे तुम्ही म्हणाल. तुम्ही लहान आहात म्हणून असे म्हणता. जाणत्या माणसाला आधी मत हवे असते. पाणी काय, कुणीही तापवतो. मत मात्र चारचौघांत बसून, सगळ्या बाजू पाहून बनवावे लागते, आणि ते बनेपर्यंत अंग कोरडेच ठेवून बसावे लागते.

सानगडीच्या केशवरावांच्या घरी एका हिवाळ्यात असेच घडले. गावात तेव्हा विजेचे खांब येऊन उभे राहिले होते आणि वीज येण्याच्या विचारात होती.

ज्यांनी बंब पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगायला हवे. बंब म्हणजे तांब्याचे उंच, गोल, पोटाळ भांडे. त्याच्या मधून वरपासून खालपर्यंत एक नळकांडे जाते. नळकांड्यात आग पेटवायची, भोवतालच्या पोटात पाणी भरायचे, बाजूला तोटी. केशवरावांचा बंब त्यांच्या नातीच्या, म्हणजे दहा वर्षांच्या रुखमिणीच्या, कपाळाइतका उंच होता. रुखमिणीची आजी सीताबाई लग्न होऊन आली तेव्हा तिच्या भावाने, गोमाजीने, तो आंदण दिला होता. तशी नोंद बंबाच्या पोटावर कोरलेली होती: ‘चि. सौ. कां. सीताबाई हिस बंधू गोमाजी यांजकडून सप्रेम भेट’. अक्षरे इतकी ठळक होती, की पाव्हण्याला तोटी सापडायला वेळ लागे, पण गोमाजी लगेच सापडे.

ह्या बंबाचे नळकांडे आतून फुटले. पाणी पोटातून झिरपून थेट निखाऱ्यांवर पडू लागले. रुखमिणी तुराट्या पेटवी, फुंकणीने फुंकी, डोळे लाल करून घेई, आणि आग जरा धरली की बंब स्वतःच ती विझवून टाकी. पेटवण्याची आणि विझवण्याची दोन्ही कामे एकाच यंत्राने करावीत, ही सोय त्या काळी तालुक्यात दुसऱ्या कुणाकडे नव्हती.

एरवी घराने हेही चालवून घेतले असते. पण रुखमिणीची आत्या, निर्मला, पहिल्या बाळंतपणासाठी बपेऱ्याहून माहेरी आली होती. दिवस भरत आले होते. आणि रुखमिणीने सगळ्यांसमक्ष जाहीर केले होते, की “आत्याबाईच्या बाळाचं पयलं ऊन पानी मीच तापवीन.”

“तापव वं माय,” निर्मला म्हणाली होती. “पन थंडं नोको देऊ. नाहीतं पोरगं आल्या पावली परत जाईन.”

रुखमिणीने ते हसण्यावारी नेले नाही. बाळ परत गेले तर ते आपल्यामुळे, एवढे तिला समजले, आणि ती आजोबांकडे गेली. “आबाजी, बंबाचं काय करता?”

केशवराव विचारी गृहस्थ होते. धानाचा व्यापार, बरी शेती, गावात शब्दाला मान. त्यांनी आयुष्यात एकही निर्णय घाईत घेतला नव्हता. (काही जाणकारांच्या मते ह्या वाक्यातला ‘घाईत’ हा शब्द अनावश्यक आहे.) ते म्हणाले, “पाहू ना बेटा. दुरुस्त कराचा का नवा घ्याचा, हे पाह्याले लागन. सोपं काम आहे काय?”

रुखमिणीला ते सोपे वाटत होते, म्हणून ती गप्प बसली.

पहिली पायरी तपासणीची. गावातली जाणती माणसे एकेक करून आली. प्रत्येकाने नळकांड्यात डोके घातले, आत “हं” असे म्हटले, आणि डोके बाहेर काढले. तपासणी करणाऱ्यांपैकी शंभर टक्के लोकांची नाके काळी झाली. निष्कर्षाबाबत मात्र एवढी एकवाक्यता आढळली नाही. थोड्याच काळात गावात दोन पक्ष पडले.

दुरुस्तीवाल्यांचे म्हणणे असे, की जुने तांबे जाड, तसे आता दृष्टीला पडत नाही. बंब गळतो हे खरे, पण गळतो म्हणजे त्यात पाणी आहे एवढे तरी कळते. शिवाय जो बंब इतकी वर्षे चालला तो आताच कसा बंद पडेल? (तो आताच बंद पडला होता, पण हा मुद्दा कुणी उपस्थित केला नाही.)

नवेवाल्यांचे म्हणणे असे, की जुना बंब दुरुस्त केला तरी उद्या बिघडणारच. नवाही बिघडेल, पण तोवर लोक पाहायला येतील.

शेजारचा जागेश्वर हा एकट्याचाच तिसरा पक्ष होता. तो नागपूरला जाऊन आलेला होता. “काहून येवढा तरास घेता जी?” तो म्हणे. “वीज आली का भिंतीले पेटी लावाची. पानी आपोआप ऊन होते. म्या पाह्यलं.”

“वीज कधी येते?” रुखमिणीने विचारले.

“खांब आले ना!” जागेश्वर म्हणाला. त्याच्या मते अवघड भाग उरकला होता.

दरम्यान सीताबाईंनी तात्पुरता उपाय म्हणून चुना आणि गूळ एकत्र कुटून नळकांड्याच्या भोकात लिंपला. उपाय रामबाण ठरला. पाण्याचा एक थेंबही गळेना. फक्त आग पेटवली की गूळ वितळे आणि सगळे खाली येई. त्यामुळे दुरुस्ती टिकावी म्हणून बंब पेटवायचा नाही असे ठरले. पुढे कितीतरी दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला बंब अभिमानाने दाखवला जात असे: “पाहा, आता गळते काय? हात लावून पाहा!” लोक हात लावत. बंब कोरडा असे, आणि बर्फासारखा थंड असे.

ह्या काळात घरातल्या आंघोळींचे प्रमाण निम्म्यावर आले. ज्या होत, त्यांत नद्यांची नावे मोठ्याने घेण्याचे प्रमाण मात्र पुष्कळ वाढले. स्वयंपाकघरातल्या चुलीवर लहानशा गंजात, म्हणजे पातेल्यात, थोडे पाणी तापे, ते निर्मलेला जाई. केशवराव स्वतः थंड पाणी घेत आणि त्याने बुद्धीला धार येते असे सांगत. धार येत असावी, कारण रोज एक नवी बाजू त्यांना दिसू लागली.

एका बाजारच्या दिवशी त्यांनी सुखरामला बोलावले. सुखराम गळक्या भांड्यांची भोके कथलाचा डाग देऊन बुजवी. त्याने बंब आडवा पाडला, आत हात घातला आणि गंभीरपणे म्हणाला, “खार बसला आहे जी आतून. तो खरडल्याबिगर डाग बसत नाही.” मग तो दुपारभर खरडत बसला. विहिरीच्या पाण्याचा थरावर थर साचलेला खार ढलप्या होऊन बाहेर आला. तो सगळा निघाल्यावर असे उघडकीस आले, की गेली बरीच वर्षे तांब्यापेक्षा हा खारच बंबाला धरून होता. आता जिथे एक भोक होते तिथे चाळण झाली.

“हे पाहा!” सुखराम खूश होऊन म्हणाला. “आता बंबाची खरी हालत दिसली!”

दुरुस्तीवाल्यांनाही आनंद झाला. एका भोकासाठी एवढा खटाटोप कशाला, असा त्यांच्यावर आरोप होता. आता दुरुस्तीला खरा वाव निर्माण झाला होता.

रुखमिणीने आडव्या बंबाच्या नळकांड्यातून पलीकडे पाहिले. पलीकडे निर्मला कमरेवर हात ठेवून, हळूहळू पावले टाकत अंगणात फिरत होती. “आबाजी,” ती म्हणाली, “आत्याबाईले आता चालवत नाही.”

तेव्हा केशवराव बंब घेऊन भंडाऱ्याला गेले. रुखमिणीही हट्टाने सोबत गेली. साकोलीला एसटीत चढताना कंडक्टरने बंब टपावर टाका म्हटले. केशवराव म्हणाले, ते वडीलधारे आंदण आहे, टपावर कसे टाकणार? शेवटी बंब खिडकीपाशी बसला आणि केशवराव साकोलीपासून भंडाऱ्यापर्यंत उभे राहिले. भांड्यांच्या दुकानात नव्या बंबांची रांगच होती, इतकी चकचकीत, की प्रत्येकात एकेक रुखमिणी दिसत होती. दुकानदाराने जुना बंब हाताने तोलला. “द्या मोडीत,” तो म्हणाला. “भट्टीत टाकतो, नवा न्या.”

“आन् नाव?” केशवरावांनी विचारले.

“कोनतं नाव?”

केशवरावांनी पोटावरची अक्षरे दाखवली. दुकानदार म्हणाला, “ते बी वितळते जी. तांबंच ते.”

केशवराव दचकले. सख्ख्या मेहुण्याला, तोही जिवंत असताना, न विचारता भट्टीत टाकायचे! भंडाऱ्यासारख्या शहरात हे चालत असेल. त्यांनी बंब उचलला, आणि आजोबा, नात व बंब परतीच्या एसटीत बसले. (ह्या खेपेलाही बंब बसला.) रुखमिणीने दुकानातल्या त्या रांगेतल्या बंबांपैकी एकाचे झाकण उघडून आत पाहिले होते. त्यात पाणी नव्हते. पाणी नसताना ते सगळे किती छान दिसत होते, असे वाटेत तिच्या मनात येत होते.

गोमाजींना बोलावणे गेले. ते दुसऱ्या दिवशी बैलगाडीतून आले आणि पाव्हणे असल्यामुळे घरातले पहिले गरम पाणी त्यांना मिळू लागले. त्यांनी बंबावरचे आपले नाव उलटसुलट वाचले, डोळे पुसले, आणि परवानगी दिली.

“भाऊजी, बंब मोडा,” ते म्हणाले. “माहा काई राग नाई. पन नाव मोडू नोका. येवढंच पाहा.”

ही अट रास्त होती. ती पाळण्याचा मार्गही केशवरावांनाच सुचला, आणि अशा वेळीच अनुभवी माणसाची किंमत कळते. सुखरामला पुन्हा बोलावण्यात आले. त्याने छिन्नी घेतली आणि नाव असलेला तांब्याचा चौकोन बंबाच्या पोटातून सफाईने कापून काढला. सीताबाईंनी तो चिंचेने घासला, पुसला, हळदकुंकू लावले आणि देवघरात ठेवला. आता नाव सुरक्षित होते. उरलेला बंब निःशंक मनाने मोडीत देता येणार होता.

मग सगळ्यांनी उरलेल्या बंबाकडे पाहिले. ऐन पोटाला खिडकी पडली होती. कारभार इतका उघडा झाला होता, की आतले नळकांडे, नळकांड्याची चाळण, सगळे उभ्याउभ्या दिसत होते.

गोमाजींनी त्या खिडकीत हात घालून पाहिला. “भाऊजी,” ते म्हणाले, “आता हा कोनाचा बंब हाये? कोनं देल्ला, कोनाले देल्ला, काई समजते काय? असा बेवारशी कराच्या परीस दुरुस्तच करा ना जी!”

हे सर्वांच्या काळजाला भिडले. दुरुस्तीचा पक्ष एका क्षणात बहुमतात आला. सुखराम म्हणाला, “करतो ना जी. तो चौकोन आना, जागच्या जागी बसवून देतो.”

“कोनता चौकोन?” सीताबाई दारातूनच कडाडल्या. “देवघरातला? देवाजवळची वस्तू न्हानीत ठेवू? उद्या कोनाचा पाय लागला मंग?”

मोडीत द्यावा तर बेवारशी, दुरुस्त करावा तर देव आडवा. प्रश्न आता इतका परिपक्व झाला होता, की अंतिम निर्णयासाठी सभाच बोलवावी लागली.

सभा सकाळी, ऊन चढता चढता, अंगणात भरली. मोठी सतरंजी अंथरण्यात आली. केशवराव, गोमाजी, जागेश्वर, सुखराम आणि दोन्ही पक्षांतली झाडून सगळी माणसे बसली. पान फिरले. बंब न्हाणीत आडवा होता, जागा सगळी त्यानेच व्यापली होती. केशवराव खाकरून म्हणाले, “त मंडळी, आपून पयल्यापासून पाहू.”

ते पहिल्यापासून पाहत असतानाच माजघराचे दार उघडले आणि सुईण जनाबाई बाहेर आली. तिच्या कपाळावर घाम होता. “पानी!” ती ओरडली. “ऊन पानी आना! भरपूर आना, चुलीवरच्या त्या वाटीभर पान्यानं काय होते?”

“जनाबाई, जरा दम धरा जी,” केशवराव आर्जवाने म्हणाले. “निकाल लागूनच राह्यला.”

“अवो मामाजी, लेकरू निकालासाठी थांबते काय!” असे म्हणून जनाबाईने दार आपटले. आतून निर्मलेचा आवाज आला. मग गोमाजींनी सुचवले, की अशा परिस्थितीत निदान पहिला भाग वगळून दुसऱ्यापासून पाहावे. सूचना मान्य झाली.

रुखमिणी उठली. नव्या बंबाला ओटा लागेल म्हणून दूरदृष्टीने आणून ठेवलेल्या विटा कोपऱ्यात पडल्या होत्या. तिने त्यांतल्या काही उचलल्या आणि अंगणात, सभेच्या समोरच, मांडू लागली. मग ती लग्नकार्यात भात शिजवायचा गंज फरपटत घेऊन आली. त्याच्या आवाजाने केशवरावांना थांबावे लागले.

“रुखमे, काय करून राह्यली?”

“चूल मांडून राह्यली, आबाजी.”

“अंगणात? घरात बंब असताना अंगणात चूल? लोक काय म्हणतीन?”

रुखमिणीने सतरंजीकडे पाहिले. “लोक इथंच बसले हायेत ना जी,” ती म्हणाली. “इचारा त्याईले.”

लोकांनी एकमेकांकडे पाहिले. बंबाबद्दल त्यांची मते तयार होती. चुलीबद्दल कुणी विचारच केला नव्हता. अशा महत्त्वाच्या प्रश्नावर तडकाफडकी बोलणे बरे नाही म्हणून सगळे गप्प राहिले, आणि त्या शांततेत रुखमिणीने आग पेटवली. तिची आई, रत्नाबाई, विहिरीवरून पाण्याचे गुंड, म्हणजे पितळी घागरी, भरभरून आणू लागली. तुराट्या तडतडल्या. ह्या खेपेला आगीवर वरून पाणी पडले नाही. रुखमिणी फुंकत होती आणि आतल्या प्रत्येक आवाजाला तिची फुंकर चुकत होती. अजून तापत नाही, अजून नाही, आणि बाळ आले तर?

मग गंजाच्या काठाला बारीक बुडबुडे लागले, वाफ निघू लागली, आणि जवळजवळ त्याच वेळी आतून एक नवाच, बारीक, रागावलेला आवाज आला.

“पोरगी झाली!” जनाबाई आतून ओरडली. “पानी?”

“झालं!” रुखमिणीने ओरडून सांगितले.

सभेने टाळ्या वाजवल्या. बंबाचा प्रश्न योग्य वेळी हाती घेतल्याबद्दल केशवरावांचे अभिनंदन करण्यात आले. केशवरावांचे डोळे भरून आले होते. ते म्हणाले, “आता कसं, पान्याची घाई राह्यली नाई. आता शांततेनं इचार करता येईन.” आणि सभा पुढे चालू झाली.

पण रुखमिणीचे काम संपले नव्हते. बाळाला न्हाऊ घालायचे कुठे? न्हाणीत बंब होता. माजघराची जमीन सारवलेली, तिथे पाणी ओतता येत नाही. जनाबाई बाळाला गुंडाळून दारात उभी राहिली आणि म्हणाली, “हे इथं चुलीपाशीच घालू, उन्हात. पन वारा लागाले नाई पाह्यजे पोरीले. मोठा आडोसा कर.” रुखमिणीने धोतर पाहिले, ते अपुरे. आईचे लुगडे पाहिले, ते पातळ. तिने इकडे तिकडे पाहिले.

आता बाळांनो, (आणि बाळांच्या हातून हे पुस्तक ओढून घेऊन वाचत बसलेल्या मोठ्या माणसांनो,) खरे सांगा. इतका वेळ तुम्हीही मनात ठरवतच होता ना? दुरुस्त करावा की नवा घ्यावा? तुमचे मत एव्हाना पक्के झाले असेल. कदाचित चौकोन पुन्हा बसवण्याची एखादी युक्तीही सुचली असेल. उत्तम. म्हणजे तुम्हीही तिथेच आहात, गोमाजींच्या उजव्या हाताला, मांडी घालून, पान खात. पाणी कोण तापवणार, हे तुम्हीही कुणाला विचारले नव्हते.

तुम्ही तोंड उघडणार, तेवढ्यात रुखमिणी सतरंजीपाशी आली. तिने मत विचारले नाही. दोन्ही हातांनी सतरंजीचे टोक धरले, तुमच्याकडे पाहून “उठा जी,” म्हणाली, आणि तुम्ही उठण्याआधीच ओढली.